एम३३ मधले ६६२ ठिपके: मंद क्ष-किरण स्रोत सापडतात, ओळख मात्र पटत नाही

चंद्रा क्ष-किरण दुर्बिणीने त्रिकोण तारकासमूहातल्या एम३३ या सर्पिल दीर्घिकेवर एकूण १४ लाख सेकंद, म्हणजे सोळा दिवसांहून अधिक काळ नजर ठेवली. त्या सर्वेक्षणाची अंतिम यादी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. यादीत ६६२ बिंदुस्रोत होते. वर्णपट, रंग, जुन्या याद्या, दृश्यप्रकाशातली छायाचित्रे असे हाताशी असलेले सगळे वापरूनही त्यांपैकी १८३ स्रोतांचीच ओळख पटली. उरलेल्या ४७९ स्रोतांची जागा, तीव्रता आणि ढोबळ रंग (कमी आणि जास्त ऊर्जेच्या किरणांचे प्रमाण) माहीत आहेत, ते काय आहेत हे माहीत नाही.

या आकड्यात अपयश पाहू नये. मंद क्ष-किरण स्रोतांच्या अभ्यासाची खरी अडचण कुठे आहे, हे त्यातून नेमके दिसते. स्रोत सापडणे हा यंत्राच्या क्षमतेचा आणि चिकाटीचा प्रश्न आहे. ओळख पटवणे हा पुराव्याचा प्रश्न आहे, आणि शोधण्याच्या टप्प्यावर झालेली प्रत्येक चूक ओळखीच्या टप्प्यावर चुकीच्या नावाच्या रूपाने बाहेर येते. म्हणून दोन्ही टप्पे इथे एकत्रच मांडले आहेत.

हीच दीर्घिका का?

एम३३ चे अंतर सर्वेक्षणात ८१७ किलोपार्सेक धरले आहे, म्हणजे सुमारे २७ लाख प्रकाशवर्षे. या अंतरावर आकाशातला १ आर्कसेकंद म्हणजे जवळपास ४ पार्सेक, १३ प्रकाशवर्षे. चंद्राची विभेदनक्षमता मध्यभागी अर्ध्या आर्कसेकंदाची आहे, त्यामुळे दाट तारकागुच्छातले स्रोतही पुष्कळदा वेगळे दिसतात. देवयानी दीर्घिका थोडी जवळ आहे, पण ती आपल्याला खूप तिरपी दिसते आणि तिच्या धुळीतून पाहावे लागते. मॅजेलनचे मेघ आणखी जवळ आहेत, पण आकाशात इतके पसरलेले की इतक्या खोलीने ते पूर्ण झाकता येत नाहीत. एम३३ मध्ये ताऱ्यांची निर्मिती जोरात चालू आहे, त्यामुळे जड ताऱ्यांच्या क्ष-किरण जोड्या (ताऱ्याचा वायू ओढणारा न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर) आणि अतिनवताऱ्यांचे अवशेष दोन्ही भरपूर मिळतात.

या दीर्घिकेचा क्ष-किरणांतला शोध जुना आहे. आइनस्टाइन उपग्रहाच्या काळात तिथल्या ठळक स्रोतांना एक्स-७, एक्स-८ अशी नावे पडली आणि ती आजही चालतात. रोसॅट उपग्रहाच्या यादीत १८४ स्रोत होते, एक्सएमएम-न्यूटन उपग्रहाच्या २००४ च्या यादीत ४०८. मर्यादा दोन्हीकडे एकच होती: ठिपका जितका पसरट, तितके त्याखाली येणारे तारे जास्त.

चंद्राच्या सर्वेक्षणासाठी सात क्षेत्रे निवडली आणि प्रत्येकाला सुमारे २ लाख सेकंद दिले. क्षेत्रे मुद्दाम एकमेकांवर येतील अशी ठेवली होती. त्यातून दीर्घिकेच्या डी२५ सीमेतला (तेजावरून ठरवलेली दीर्घिकेची रूढ कड) सुमारे ७० टक्के भाग झाकला गेला. गाठलेली मर्यादा होती ०.३५ ते ८ केईव्ही (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, फोटॉनच्या ऊर्जेचे एकक) या पट्ट्यात सेकंदाला २.४ × १०^३४ अर्ग, म्हणजे सूर्याच्या सर्व तरंगलांबींच्या एकूण तेजाच्या साधारण सहापट. २७ लाख प्रकाशवर्षांवरून इतके मंद काही वेगळे मोजता येते, यातच या दुर्बिणीचे मोठेपण आहे.

वीस फोटॉनांचा हिशोब

यादीतल्या मंद टोकाचा एक नमुना स्रोत घेऊ: तेज सेकंदाला १०^३५ अर्ग. पृथ्वीवर त्याची तीव्रता प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सेकंदाला सुमारे १.२ × १०^-१५ अर्ग येते. चंद्राच्या एसिस-आय कॅमेऱ्यावर २ लाख सेकंदांत त्याचे ढोबळमानाने २० फोटॉन जमतात. सरासरी काढली तर पावणेतीन तासांना एक. या वीस फोटॉनांवरून तो आहे की नाही, कुठे आहे आणि काय आहे, हे तिन्ही ठरवायचे असते.

स्रोत क्षेत्राच्या मध्यभागी असेल तर त्याचा प्रकाश दोन आर्कसेकंद त्रिज्येच्या वर्तुळात जवळजवळ पूर्ण मावतो. कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ०.४९२ आर्कसेकंदांचा, म्हणून हे वर्तुळ सुमारे ५० पिक्सेलांचे. पार्श्वभूमी पिक्सेलमागे ०.०२ ते ०.०४ फोटॉन धरली तर त्या वर्तुळात एक-दोन भटके फोटॉन येतील. एक-दोनच्या पार्श्वभूमीवर वीस म्हणजे शंकेला जागा नाही.

तोच स्रोत मध्यापासून ९-१० आर्कमिनिटांवर सरकवा. आरशांची रचनाच अशी आहे की कडेला प्रतिमा फुगते. आता वर्तुळ १० आर्कसेकंद त्रिज्येचे, सुमारे १,३०० पिक्सेलांचे घ्यावे लागते आणि पार्श्वभूमी २५ ते ५० फोटॉनांवर जाते. वीस फोटॉन तेवढेच, पण आता ते चढउतारात बुडतात. म्हणूनच क्षेत्रे एकमेकांवर आणावी लागतात: एका क्षेत्रात कडेला पडलेला स्रोत दुसऱ्यात मध्याजवळ यावा. कोणत्याही यादीत ‘या तेजापर्यंतचे सगळे स्रोत’ असे वाचले की विचारावे, क्षेत्राच्या कोणत्या भागात? एम३३ च्या यादीतही ९० टक्के पूर्णतेची मर्यादा मऊ (कमी ऊर्जेच्या) पट्ट्यात ४ × १०^३४ आणि कठीण (जास्त ऊर्जेच्या) पट्ट्यात १.६ × १०^३५ अशी आहे. शेवटचा सापडलेला स्रोत ज्या तेजाचा, त्याच्या बरीच वर.

यादी कशी करायची

पहिले काम विदा (डेटा) स्वच्छ करण्याचे. कच्च्या घटनांच्या (कॅमेऱ्यातल्या एकेका नोंदीच्या) फायलीवर ताजे अंशशोधन (कॅलिब्रेशन) लावून ती पुन्हा तयार करावी. ०.५ केईव्हीच्या खाली हे विशेष महत्त्वाचे, कारण कॅमेऱ्यासमोरच्या गाळणीवर वर्षानुवर्षे थर साचत गेला आहे आणि मऊ किरणांची संवेदनशीलता घटत गेली आहे. २००५ चे अंशशोधन नंतरच्या निरीक्षणाला लावले तर प्रत्येक स्रोत खोटा ‘कठीण’ दिसेल. त्यानंतर ठळक स्रोत वगळून उरलेल्या भागाचा कालालेख पाहावा. सौर कणांच्या उसळ्यांमुळे पार्श्वभूमी चढली असेल ते तुकडे कापावेत, पण हात आखडता ठेवून. मंद स्रोतासाठी प्रत्येक हजार सेकंद मोलाचे असतात आणि क्षेत्राच्या मध्यभागी माफक चढलेली पार्श्वभूमी फारसे बिघडवत नाही.

शोधासाठी वेव्हडिटेक्ट वापरतात. प्रतिमेवर वेगवेगळ्या मापांचे लहरघटक फिरवून उठाव शोधणारी ही पद्धत. मापे १, २, ४, ८, १६ पिक्सेल घ्यावीत. फक्त लहान घेतली तर कडेचे फुगलेले स्रोत सुटतात किंवा एकाचे दोन होतात. उंबरठा सहसा १०^-६ ठेवतात. त्याचा अर्थ ‘स्रोत खोटा असण्याची शक्यता दहा लाखांत एक’ असा नाही. दर दहा लाख पिक्सेलांमागे एक खोटा उठाव स्वीकारला, एवढाच त्याचा अर्थ. एसिस-आयच्या चार चिपांत मिळून सुमारे ४२ लाख पिक्सेल असतात, म्हणजे प्रत्येक क्षेत्रात चारेक खोटे स्रोत धरूनच चालायचे. हा गैरसमज फार सर्रास आहे.

उंबरठा ढिला सोडला तर काय होते, तेही पाहा. पार्श्वभूमी १.५ फोटॉनांची असताना एका खिडकीत योगायोगाने पाच किंवा अधिक फोटॉन येण्याची शक्यता जवळपास २ टक्के. ऐकायला कमी वाटते. पण ५० पिक्सेलांची खिडकी सगळीकडे धरली तर एका क्षेत्रात अशा ८४ हजार खिडक्या बसतात आणि २ टक्क्यांनी दीड हजारांहून अधिक खोटे स्रोत मिळतात.

म्हणून दोन पायऱ्यांची पद्धत चांगली. आधी ढिल्या उंबरठ्याने उमेदवारांची लांब यादी करावी, वेगवेगळ्या ऊर्जापट्ट्यांत आणि वेगवेगळ्या जोड-प्रतिमांत. मग प्रत्येक उमेदवारासाठी त्याच्या जागच्या प्रतिमेच्या खऱ्या आकारानुसार वर्तुळ आखून, स्थानिक पार्श्वभूमी मोजून, ‘इथे स्रोत नसतानाही इतके फोटॉन आले असते का’ ही द्विपद शक्यता काढावी आणि निर्दयपणे छाटावे. छाटणीनंतर शेजारच्या स्रोतांची पार्श्वभूमी बदलते, म्हणून हे चक्र यादी स्थिर होईपर्यंत फिरवावे लागते. एसिस एक्स्ट्रॅक्ट हे साधन याच कामाचे आहे आणि एम३३ च्या सर्वेक्षणातही तेच वापरले गेले.

जोड-प्रतिमेत एक फसगत ठरलेली. एकच स्रोत एका निरीक्षणात मध्यापासून २ आर्कमिनिटांवर, दुसऱ्यात ९ वर. दोन्ही सरळ मिळवले तर तीक्ष्ण प्रतिमेवर पसरट प्रतिमेचा लेप बसतो. जागा मोजायची तेव्हा फक्त तीक्ष्ण निरीक्षणे घ्यावीत, तीव्रता मोजायची तेव्हा सगळी. दोन प्रश्नांना दोन वेगळ्या बेरजा लागतात.

जे स्रोत नसतात

विश्वकिरण चिपवर आदळला की त्या पिक्सेलमधून पुढच्या काही चौकटींत विद्युतभार झिरपत राहतो आणि त्याची नोंद लागोपाठच्या फोटॉनांसारखी होते. पाच-सहा घटनांचा असा ‘स्रोत’ मंद यादीत अगदी सहज शिरतो. तो ओळखण्याची रीत सोपी आहे: आकाशातल्या जागा न पाहता चिपवरचे पिक्सेल आणि घटनांच्या वेळा पाहाव्यात. दुर्बीण मुद्दाम हलकी डोलत ठेवलेली असते, त्यामुळे खऱ्या स्रोताचे फोटॉन वेगवेगळ्या पिक्सेलांवर आणि तासांच्या अंतराने पडतात. एकाच पिक्सेलवर ३.२ सेकंदांच्या लागोपाठच्या चौकटींत सगळे आले असतील तर तो उमेदवार काढून टाकावा.

हीच डोलण उलट्या बाजूनेही फसवते. तिचे आवर्तन सुमारे १,००० आणि ७०७ सेकंदांचे असते. चिपच्या कडेवरचा स्रोत त्या तालात आत-बाहेर जातो आणि छान ‘स्पंदने’ दाखवतो. या दोन काळांजवळचे कोणतेही आवर्तन आधी संशयितच समजावे.

तिसरा प्रकार वायूच्या गाठींचा. एनजीसी ६०४ सारख्या ताऱ्यांच्या जन्मभूमीत तप्त वायू पसरलेला असतो. त्यातला दाट भाग मऊ बिंदुस्रोतासारखा दिसतो आणि अतिनवताऱ्याचा अवशेष म्हणून खपून जातो. उमेदवाराची रुंदी त्याच जागच्या अपेक्षित प्रतिमेशी ताडून पाहिल्याशिवाय अशा भागातली कोणतीही नोंद स्वीकारू नये. केंद्राजवळचा एक्स-८ इतका प्रखर आहे, तेज १०^३९ अर्गच्या वर, की त्याच्या प्रतिमेच्या कडा आणि वाचन-रेषा यांच्यावर आजूबाजूला खोटे ठिपके उगवतात.

जागा पक्की करणे

चंद्राची दिशा सहसा एका आर्कसेकंदाच्या आत बरोबर असते. एरवी हे पुरेसे. इथे एक आर्कसेकंद म्हणजे १३ प्रकाशवर्षे, आणि एम३३ च्या बाहूत तेवढ्या जागेत हबलला ढीगभर तारे दिसतात. हबलच्या २०२१ च्या यादीत एम३३ च्या आतल्या भागातले सुमारे २.२ कोटी तारे आहेत. म्हणून दोन्ही नकाशे एकमेकांवर नेमके बसवावे लागतात.

बसवण्यासाठी खुणा कोणत्या घ्यायच्या, यावर सगळे अवलंबून. क्ष-किरणांत आणि दृश्यप्रकाशात निःसंशय एकच असलेले स्रोत हवेत: मागच्या सक्रिय दीर्घिका (ज्यांच्या गर्भातले महाकाय कृष्णविवर वायू गिळत आहे), आपल्याच आकाशगंगेतले तारे, गोलाकार तारकागुच्छ. ताऱ्यांसाठी गाइआ उपग्रहाच्या मोजमापातली स्वगती (आकाशातली ताऱ्याची स्वतःची सरक) निरीक्षणाच्या वर्षापर्यंत मागे न्यावी, नाहीतर दहा-पंधरा वर्षांत सरकलेला तारा सगळा नकाशा सरकवतो. जवळात जवळचा निळा तारा धरून जुळवणी करू नये. बाहूत निळे तारे इतके आहेत की चुकीच्या सरकावालाही साथीदार मिळतात.

योगायोग किती, हे मोजण्याची रीत जुनी आणि अजून उत्तम आहे. क्ष-किरण यादी १०-१५ आर्कसेकंदांनी चारही दिशांना सरकवावी आणि पुन्हा जुळवणी करावी. खऱ्या जागी १०० जुळण्या आणि सरकवल्यावर ७० मिळत असतील, तर प्रत्येक जुळणीवर ‘ओळख पटली’ असे लिहिणे म्हणजे दहांतल्या सात वेळा चूक करणे.

एक तीव्रता, तीन वस्तू

आपल्या वीस फोटॉनांच्या स्रोताकडे परत येऊ. मोजलेली गोष्ट एकच: तीव्रता १.२ × १०^-१५. तो एम३३ मध्ये असेल तर तेज १०^३५ अर्ग, म्हणजे न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर जोडीदाराचा वायू हळूहळू गिळत आहे. तो आपल्याच आकाशगंगेत ५०० पार्सेकवर असेल तर तेज सुमारे ४ × १०^२८ अर्ग, म्हणजे तप्त प्रभामंडळ असलेला साधा लाल बटू. आणि तो एम३३ च्या मागे, तांबडसृती (विश्वाच्या प्रसरणाने प्रकाश तांबड्याकडे सरकण्याचे माप) १ च्या अंतरावर असेल तर तेज सहा-सात कोटी पटींनी वाढून १०^४२ अर्गच्या वर जाते, म्हणजे सक्रिय दीर्घिकेच्या गर्भातले महाकाय कृष्णविवर. यादीत ‘तेज’ या रकान्यात आकडा लिहिला की त्याच क्षणी यांपैकी एक निवड गृहीत धरलेली असते. शिवाय तीव्रता काढतानाही वर्णपटाचा आकार धरावा लागतो. घातनियम (ऊर्जा वाढेल तसे फोटॉन ठरावीक घातांकाने घटतात असा आकार) धरला आणि वस्तू मऊ उष्ण वायूची निघाली, तर आकडा बराच हलतो.

मग वेगळे कसे करायचे? पहिली चाळणी रंगांची. ०.३५-१.१, १.१-२.६ आणि २.६-८ केईव्ही अशा तीन पट्ट्यांतले फोटॉन मोजून दोन गुणोत्तरे काढतात. अवशेष मऊ बाजूला जातात आणि २ केईव्हीच्या वर जवळजवळ काहीच देत नाहीत. सक्रिय दीर्घिका आणि क्ष-किरण जोड्या मात्र एकाच ढगात पडतात, आणि ही चाळणी तिथेच थांबते. कमी फोटॉनांत पार्श्वभूमी सरळ वजा केली तर ऋण आकडे येतात आणि गुणोत्तर निरर्थक होते. पॉयसन वितरण (मोजक्या घटनांच्या योगायोगाचे गणित) धरून बेझच्या पद्धतीने गुणोत्तराचा पट्टा काढावा, आणि पट्टा रुंद आला तर रुंदच छापावा. एम३३ मध्ये वर्णपट बसवता आला तो २५४ स्रोतांचा, ६६२ चा नव्हे.

दुसरी चाळणी क्ष-किरण आणि दृश्य तीव्रतेच्या गुणोत्तराची: क्ष-किरण तीव्रतेचा लॉगरिदम, अधिक व्ही प्रत (हिरव्या-पिवळ्या प्रकाशातली तेजस्विता, आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद) भागिले २.५, अधिक ५.३७. साधारणपणे उणे १ च्या खाली तारे, उणे १ ते अधिक १ च्या दरम्यान सक्रिय दीर्घिका. आपल्या स्रोताजवळ २१ प्रतीचा निळा तारा आहे असे धरा. उत्तर येते उणे १.१. आता हा लाल बटू नाही, कारण तारा निळा आहे. एम३३ च्या अंतरावर २१ प्रत म्हणजे निरपेक्ष प्रत उणे ३.६, सुरुवातीच्या बी वर्गाचा जड तारा. जड जोडीला हे अगदी साजेसे. पण हाच आकडा बाहूतला कोणताही बी तारा आणि त्याच्यामागे योगायोगाने आलेली सक्रिय दीर्घिका मिळूनही देतील. म्हणून सरकवण्याची चाचणी टाळता येत नाही.

अवशेषांच्या बाबतीत मात्र ओळख भक्कम होते, कारण पुरावा स्वतंत्र असतो. धडकलेल्या वायूत गंधकाच्या आयनांची रेषा हायड्रोजन-आल्फाच्या (हायड्रोजनच्या लाल रेषेच्या) ०.४ पटींहून प्रबळ असते. अशा १३७ उमेदवारांपैकी ८२ एम३३ च्या याच निरीक्षणांत क्ष-किरणांत सापडले. वेगळ्या कारणाने आधीच निवडलेल्या जागी मंद स्रोत शोधायचा असेल तर उंबरठाही खाली आणता येतो, कारण आता ८४ हजार खिडक्या नसून १३७ च आहेत.

तिसरी चाळणी काळाची. अवशेष बदलत नाहीत. जोड्या बदलतात, पण सक्रिय दीर्घिकाही बदलतात. निर्णायक ठरते ते आवर्तन. एक्स-७ चे हेच झाले. ३.४५ दिवसांनी जड तारा क्ष-किरण झाकतो, त्या ग्रहणांतून कक्षा नेमकी मिळाली आणि २००७ मध्ये कृष्णविवराचे वस्तुमान सूर्याच्या १५.६५ पट निघाले. २०२२ च्या नव्या वर्णपट-अभ्यासाने ते ११.४ पटींवर आणले. इतका ठळक, ग्रहण दाखवणारा स्रोतसुद्धा दुरुस्त होतो. वीस फोटॉनांत आवर्तन शोधू नये, त्यासाठी शेकडो लागतात. आणि चौकट ३.२ सेकंदांची असल्याने साडेसहा सेकंदांहून जलद फिरणारा स्पंदक या कॅमेऱ्यात थेट दिसणारच नाही.

मागचे पाहुणे किती

मागच्या सक्रिय दीर्घिकांचे प्रमाण आकडेवारीने निघते, एकेकट्या स्रोतासाठी नाही. २०१५ मध्ये एक्सएमएम-न्यूटनच्या आठ क्षेत्रांच्या यादीत १,२९६ स्रोत आले. केंद्रापासून बाहेर जाताना घनता कशी घटते हे पाहून अभ्यासकांनी हिशोब मांडला: ३.६ × १०^३५ अर्गच्या वरच्या ३९१ ठळक स्रोतांपैकी सुमारे १५ टक्केच एम३३ चे, आणि त्यांतही एकतृतीयांशाहून जास्त माहीत असलेले अवशेष. ते सर्वेक्षण दीर्घिकेच्या सीमेपलीकडे जाते, म्हणून पाहुणे जास्त. तरी एम३३ च्या दिशेला दिसले म्हणून एम३३ चे, हा समज किती धोक्याचा आहे ते इथे कळते.

भारतीय उपकरणांचा वाटा याच टप्प्यावर येतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेली ॲस्ट्रोसॅटची मऊ क्ष-किरण दुर्बीण मंद स्रोत वेगळे करण्यासाठी नाही. तिची प्रतिमा सुमारे दोन आर्कमिनिटांची, म्हणजे एम३३ मध्ये दीड हजार प्रकाशवर्षांची. एक्स-८ सारख्या प्रखर स्रोतावर ती लक्ष ठेवू शकते. ॲस्ट्रोसॅटची अतिनील दुर्बीण मात्र दीड आर्कसेकंदाच्या आत पाहते. चंद्राच्या त्रुटिवर्तुळातला (स्रोताची खरी जागा जिथे असू शकते त्या वर्तुळातला) तारा खरोखर तप्त आहे का, हे त्यातून तपासता येते. चंद्राचे जुने निरीक्षण-भांडार सर्वांना खुले आहे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत ॲस्ट्रोसॅटच्या विदेसाठी साहाय्य केंद्र आहे. वरचा सगळा क्रम कोणत्याही विद्यापीठातल्या संगणकावर करता येतो.

शेवटचा शब्द दृश्य वर्णपटाचा असतो. एम३३ साठी ॲरिझोनातल्या ६.५ मीटरच्या एमएमटी दुर्बिणीने ११६ स्रोतांचे वर्णपट घेतले गेले. दुर्बिणीचा वेळ तुटपुंजा, म्हणून क्रम लावताना आधी अशा जागा घ्याव्यात जिथे त्रुटिवर्तुळात एकच उमेदवार आहे आणि तो २१ प्रतीहून ठळक आहे. रुंद, तांबडसृत रेषा दिसल्या की सक्रिय दीर्घिका, प्रश्न मिटला. स्थिर बी तारा आणि त्यावर हायड्रोजनची उत्सर्जन रेषा दिसली तर जोडीची शक्यता वाढते, पण आसपासच्या तेजोमेघाचा प्रकाशही त्याच रेषेत येतो. आकाशाची वजाबाकी ताऱ्याच्या अगदी शेजारच्या भागातून केली नसेल तर ती रेषा पुरावा धरू नये. त्रुटिवर्तुळात २४-२५ प्रतीचे चार-पाच तारे असलेले स्रोत यादीत ‘अनोळखी’ म्हणूनच ठेवावेत, पुढच्या निरीक्षणात त्यांतला एखादा मिणमिणून वेगळा पडेपर्यंत.